आत्ता आमच्या गच्चीवर

माणूस गेला की आमच्याकडे तेराव्यानंतर त्याच्या वस्तू वाटून टाकतात. कुणी मागत नाही, पण दिलेलं कुणी नाकारतही नाही. सदा आतोबांचं घड्याळ जावयाने घेतलं, टॉर्च मी घेतला, आणि दाराशी ठेवलेली काठी कुणीतरी न विचारताच नेली. वेबसाइट तेवढी शिल्लक राहिली. ती कुणाला द्यायची आणि कशात गुंडाळून द्यायची, हेच कुणाला कळेना. त्यांची मुलगी नीता म्हणाली, "दरवर्षी तिचं नूतनीकरण करावं लागतं म्हणे." यावर सगळे माजघराच्या वाशांकडे बघू लागले. मीही बघितलं. आमच्या घराण्यात जबाबदारी आली की वासे मोजायची पद्धत आहे.

मग काही महिन्यांनी ती वेबसाइट आपोआप मेली. आता तो पत्ता फोनमध्ये घातला की कुठलासा परदेशी माणूस दात काढून हसतो आणि हे नाव विकत घ्या म्हणतो.

सदा आतोबा म्हणजे माझ्या माई आत्याचे यजमान. रत्नागिरीहून जयगडकडे जाताना सड्यावर त्यांचं गाव लागतं. खाली खाडी, वर कातळ, आणि कातळ फोडून लावलेली कलमं. घर साधं, माजघर कौलारू आणि पुढच्या खोल्यांवर सिमेंटची गच्ची. गडग्याच्या पलीकडे धाकट्या भावाचं, बाळकाकांचं घर. आतोबांनी वाटणीत घर तेवढं घेतलं आणि कलमं भावाला सोडून दिली, कारण त्यांची सगळी नोकरी कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या वीजघरात गेली आणि आंब्याचं त्यांना खाण्यापलीकडे काही कळत नव्हतं.

ते वीजघर डोंगराच्या पोटात आहे. आत बारा महिने दिव्यांचाच उजेड. बाहेर ढग फुटला काय, ऊन तापलं काय, आत सगळं सारखं. आतोबा समोरच्या काट्यांवर नजर ठेवून दर तासाला आकडे उतरवत. "पाळी संपली की बोगद्याच्या तोंडाशी आधी हात बाहेर काढायचो," ते सांगत. "पाऊस आहे की ऊन ते बघायला. जन्मभर मी हवामान तळहाताने बघितलं रे." निवृत्त झाल्यावर या माणसाला दुसऱ्या कशाचं वेड लागणार होतं?

वेबसाइट मात्र आधी आली. नीताने जुना लॅपटॉप दिला आणि आतोबा पुस्तक आणून, चष्मा कपाळावर चढवून ती विद्या शिकले. मी म्हटलं, "आतोबा, फेसबुकवर टाका की. सगळे बघतील."

"ते भाड्याचं घर," ते म्हणाले. "मालक केव्हा भिंत पाडेल सांगता येत नाही. ही माझी स्वतःची जागा आहे. इथे मी खिळा ठोकला तर कुणी विचारणार नाही."

त्या स्वतःच्या जागेत 'माझ्याविषयी' असं एक पान होतं, कोयनेच्या आठवणींचं एक, आणि 'सौ.च्या पाककृती' असंही एक. त्या शेवटच्या पानावर एकच पाककृती होती, फणसाच्या भाजीची, तीही अर्धी. कारण आतोबा विचारायचे, "मीठ किती?" आणि आत्या म्हणायची, "लागेल तेवढं." "लागेल तेवढं म्हणजे किती?" "तुम्ही जेवता ना इतकी वर्षं? तेवढं." आतोबांनी शेवटी 'मीठ: अंदाजे' असं लिहिलं आणि तो शब्द त्यांना इतका लागला की पुढची पाककृती काही आलीच नाही.

मग हवामान यंत्र आलं. गच्चीच्या मधोमध खांब. त्यावर इडलीपात्र उपडं घालावं तशी पांढऱ्या चकत्यांची उतरंड, तिच्या पोटात तापमापक. वर वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या, बाजूला पाऊस मोजायचं नरसाळं. हे सगळं घरातल्या डबीशी बोलणार आणि डबी वेबसाइटशी. ही बोलणी जुळवायला आतोबांना अख्खा पावसाळा लागला. सोयरीक जमवायलासुद्धा आमच्याकडे इतके हेलपाटे घालत नाहीत. आणि एक दिवस आम्हा सगळ्यांना बोलावून त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'आत्ता आमच्या गच्चीवर', आणि खाली तापमान, दमटपणा, वारा, पाऊस. आकडे डोळ्यांदेखत बदलत होते.

"पण आतोबा," मी म्हटलं, "हे खिडकीतून बघितलं तरी कळतंच की."

"खिडकीतून वाटतं," ते म्हणाले. "इथे असतं. वाटणं वेगळं आणि असणं वेगळं."

हे त्यांचं पालुपद. मी कुटुंबातला गोष्टी सांगणारा माणूस; माझा सगळा व्यवहार वाटण्यावर चालतो. लग्नकार्यात जेवणं झाली की मला मध्ये बसवतात आणि मी आजोबांच्या वेळचा पूर सांगतो. माझी बायको म्हणते, तुमच्या गोष्टीत कधी रिमझिम पडतच नाही, मुसळधारच कोसळतो. तर असाच रंगात येऊन मी एकदा आमची होडी वादळात कशी सापडली ते सांगत होतो. श्रोत्यांचे घास हातात राहिले होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला: "वाऱ्याचा वेग किती होता?" मी म्हटलं, "प्रचंड." "प्रचंड म्हणजे किती?" होडी तिथेच बुडाली. त्यानंतर आतोबा बसलेत का ते बघून मी गोष्ट निवडायला लागलो.

हे सगळ्यांच्याच बाबतीत चालायचं. मुंबईहून कुणाचा फोन आला की 'कसे आहात' विचारायच्या आधी ते विचारायचे, "तुमच्याकडे किती?" उकडतंय असं कुणी म्हटलं की, "उकडत नाही, दमटपणा वाढलाय." आत्या यावर पंखा जोरात करून म्हणायची, "मग तो तुमचा दमटपणा पुसा जरा पंच्याने."

पण या माणसाचं खरं रूप मी बघितलं ते बाळकाकांच्या मुलीच्या लग्नात. अंगणात मांडव, पंगत बसलेली, वरणभात वाढून झालेला. आतोबा फोन हातात घेऊन पंगतीच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "हवेचा दाब उतरलाय. पाऊस येतोय. सगळ्यांनी ताटं घेऊन आत चला." बाळकाका ओरडले, "दादा, आभाळ बघ जरा! निळं आहे!" पण वराकडची मंडळी बिचारी परक्या गावची, ती घाबरली आणि ताटं घेऊन पळाली. माजघरात, पडवीत, कुणी गोठ्याच्या दारात बसून जेवले. नवरदेवाच्या मामांना मी स्वतः उखळावर बसवलं. थेंब पडला नाही.

बाळकाकांनी भावाला चारचौघांत नको ते ऐकवलं. संध्याकाळी वेबसाइटवर एक नवीन पान दिसलं: 'चूकदुरुस्ती'. त्यावर लिहिलं होतं, 'आज दुपारी पाऊस येईल असे मी सांगितले. तो आला नाही. पाहुणे मंडळींना ताटे घेऊन धावावे लागले, याबद्दल दिलगीर आहे. आभाळाकडे न बघता मी फक्त दाब बघितला.' आम्ही ते वाचून पोट धरधरून हसलो. पुढे कितीतरी दिवस भाजी खारट झाली की आमच्याकडे म्हणायचे, टाका चूकदुरुस्तीवर.

गंमत अशी की त्या पानामुळेच माणसं त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागली. टीव्हीवाले चुकतात ते कधी कबूल करत नाहीत, हा माणूस स्वतःहून लिहितो. आधी शेजारचे दोघेतिघे, मग सड्यावरचे सगळे बागायतदार सकाळी फवारणीला निघण्याआधी आतोबांचं पान उघडायला लागले. मोहोरावर तुडतुडे आलेत, फवारायचं तर वारा पडलेला हवा, दव सुकलेलं हवा. "सदाभाऊ, गच्चीवर काय म्हणतंय?" असे फोन येत. आणि यात सगळ्यांत पुढे होते बाळकाका. लग्नातलं विसरून ते बाजारात सांगत फिरत, "सरकारचं काय घेऊन बसलात, आमच्या दादाचं यंत्र बघा." आतोबांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक बारीकसं हसू असायचं. थोरला असून कलमांवर कुठली फवारणी करतात हे माहीत नसलेला माणूस. पहिल्यांदाच तो घराच्या धंद्याला उपयोगी पडत होता.

मग ते वर्ष आलं. शिमग्याची पालखी देवळात परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ऊन असं तापलं की कातळावर चप्पल घालून चालतानाही तळवा चटकायचा. कैऱ्या गळायला लागल्या. उरल्या त्या उन्हाच्या बाजूने भाजून काळ्या पडल्या. बाळकाका रोज सकाळी बागेत जात आणि पोत्याने गळ गोळा करून आणत.

आता फळांचा विमा असतो, त्याचा नियम असा की तापमान ठरावीक रेषेच्या वर ठरावीक दिवस राहिलं तर भरपाई. पण ते मोजणारं मान्य यंत्र आमच्या सड्यावर नाही. ते खाडीच्या पलीकडे, खाली, झाडीत. तिथे तापमान रेषेच्या जरा आतच राहिलं. आणि आमच्या आतोबांच्या पानावर मात्र ते रेषा ओलांडून रोज चांगलं वर जात होतं.

बाळकाकांनी देवळात बैठक घेतली. आतोबांच्या पानाचे छापील कागद वाटले. सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं: आमच्याच गावात, आमच्याच गच्चीवर, प्रत्यक्ष मोजलेलं तापमान हे आहे, ते धरा. बैठकीत आतोबांना शाल आणि नारळ दिला. भाषण करा म्हटल्यावर ते म्हणाले, "मी काही केलं नाही. यंत्राने केलं." लोकांना वाटलं हा विनय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मी दरवर्षीप्रमाणे आंब्याची फुकट पेटी न्यायला गेलो होतो आणि त्या वर्षी पेटी मिळणार नाही हे कळल्यामुळे माझाही संताप प्रामाणिक होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी परत त्यांच्याकडे गेलो, तर आतोबा लॅपटॉपपुढे नाक लावून बसलेले.

"हे बघ," म्हणाले. "काल आणि परवा. आभाळ तेच. वारा तोच. मग भर दुपारी पारा असा पायरी उतरल्यासारखा खाली का आला?"

"उन्हं उतरायला लागली असतील."

"तुझ्या गोष्टीत उतरतात अशी. खऱ्यात नाही." ते उठले. "चल, वर जाऊ."

त्यांचे गुडघे गेले होते. जगाला गच्चीवरची खबर देणारा हा माणूस शिमग्यापासून गच्चीवर चढलाच नव्हता. खाली बसून काटे बघत होता. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत ते चढले, मी मागून. गच्ची मोकळी होती. खांब उभा, वाट्या फिरतायत. पण खांबाच्या भोवती सिमेंटवर लांबरुंद चौकोन उमटले होते. बाकी गच्ची धुळीने लाल, आणि हे चौकोन स्वच्छ.

आतोबांनी एका चौकोनाच्या कडेवरून पायाचा अंगठा फिरवला. मग कठड्यावरून त्यांनी हाक मारली, "माई! इथे खांबाशी काय होतं गो?"

खालून आवाज आला, "आंबोशी!"

"कशावर घातली होतीस?"

"डोक्यावर माझ्या! पत्र्यांवर, आणखी कशावर? जुन्या गोठ्याचे होते ते. परवा वाळली, भरली डब्यात, पत्रे उतरवून ठेवले. का? उंदीर शिरला काय?"

"केव्हापासून होती?"

"बाळभावोजी गळ पाठवायला लागले तेव्हापासून. पोतीच्या पोती कैऱ्या, टाकवतात थोड्याच! मधोमध ऊन चांगलं लागतं तिथे."

आमच्याकडे गळलेली कैरी फुकट घालवत नाहीत. सोलायची, चिरायची, उन्हात कडकडीत वाळवायची, वर्षभर आमटीत घालायची. आत्याने कोकणातल्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं होतं. आणि ते पत्रे दिवसभर तापून खालून त्या इडलीपात्रावर ऊन फेकत होते.

आतोबा गच्चीवरच खाली बसले. मी म्हटलं, "आतोबा, पत्र्याने असं कितीसं होणार?"

"तेच बघायचंय," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस त्यांनी ते पत्रे वर चढवले, उतरवले, पुन्हा चढवले. त्यातली एक खेप माझ्या वाट्याला आली आणि तळहाताला फोड आले, ते मी पुढे बरेच दिवस लोकांना दाखवले. पत्रे असताना पारा रेषेच्या वर. पत्रे नसताना रेषेच्या आसपास, कधी आत, कधी किंचित बाहेर. निवेदनातल्या दिवसांत खरं किती होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

आत्याला हे कळलं तेव्हा ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही नका ना काही लिहू. मी पत्रे विहिरीत टाकते." जन्मात पहिल्यांदा ती नवऱ्यापुढे अजिजीने बोलत होती.

बाळकाका आले ते संध्याकाळी, पायांतली चप्पल न काढता, पडवीच्या पायरीवर उभे.

"वहिनी सांगत होती काहीतरी. खरं का?"

"खरं," आतोबा म्हणाले. "बस ना."

"बसायला नाही आलो. दादा, मला एक सांग. आंबा गळला की नाही?"

"गळला."

"उन्हाने गळला की नाही?"

"उन्हानेच गळला."

"मग आमचं म्हणणं खोटं आहे काय?"

"तुमचं म्हणणं खरं आहे. माझा आकडा खोटा आहे."

"असू दे ना! खऱ्या गोष्टीला एक खोटा आकडा लागला तर काय बिघडलं? ते खाडीपलीकडचं यंत्र झाडीत आहे, त्याचा आकडा खरा काय? तो तुला चालतो?"

"नाही चालत. पण ते माझं नाही. त्याचं त्यांनी लिहावं."

"ते लिहिणार नाहीत! कधी लिहिलंय कुणी? सगळ्या दुनियेत चूक लिहिणारा तू एकटा शहाणा!" बाळकाकांचा आवाज चिरकला. "दादा, ते पत्रे कुणी बघितले? वहिनीने, तू, आणि ह्याने." म्हणजे मी. "हा काय सांगणार नाही, ह्याचं कोण खरं मानतंय!"

हे अगदी रास्त होतं. मी मान डोलावली.

"मी बघितले ना," आतोबा म्हणाले.

बाळकाका खाली आले, म्हणजे आवाजाने. "दादा, पंचवीस घरांच्या सह्या आहेत. माझी पहिली आहे. मी लोकांना तुझ्या शब्दावर उभं केलंय. उद्या मी कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर जाऊ? बाबा गेल्यापासून तुझ्यासमोर हात नाही पसरला कधी. आज पसरतो. गप्प बस. एवढंच. खोटं बोल म्हणत नाही. गप्प बस."

आतोबांचा चेहरा तेव्हा मी बघितला, आणि मला वाटलं, बसतील हे गप्प. ओठ हलले त्यांचे. पण ते म्हणाले, "त्या पानावर माझं नाव आहे रे बाळ."

"आणि माझं कुठे आहे?" बाळकाका म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी चूकदुरुस्तीच्या पानावर ओळी आल्या. 'शिमग्यानंतरच्या दिवसांतले माझ्या गच्चीवरचे तापमान चुकीचे आहे. तापमापकाखाली पत्रे ठेवलेले होते. ही चूक माझी आहे, कारण मी वर जाऊन बघितले नाही. हे आकडे कुणी कुठेही वापरू नयेत. बागांचे नुकसान मात्र खरे आहे.' आत्याचं आणि आंबोशीचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

शेवटचं वाक्य कुणी वाचलंच नाही. दुपारपर्यंत गावभर झालं: सदाभाऊने भावकी विकली. कुणी म्हणे विमावाल्यांनी पाकीट दिलं, कुणी म्हणे वाटणीत कलमं मिळाली नाहीत त्याचा डाव साधला. आतोबा शाल परत द्यायला गेले. नारळाची आत्याने केव्हाच वाटणात वाट लावली होती म्हणून घरच्या माडाचा दुसरा घेतला. ज्यांच्या हस्ते सत्कार झाला होता ते घरात असून नाहीत म्हणाले. आतोबांनी शाल त्यांच्या ओट्यावर घडी करून ठेवली. परत येताना दोन कुत्री तेवढी भुंकली. बाकी सगळ्यांची दारं ओढून घेतलेली होती.

निवेदन नामंजूर झालं. माझा एक मित्र त्या कचेरीत आहे. त्याला मी खोदून विचारलं, तर तो म्हणाला, "अरे, खाजगी यंत्राचे आकडे धरतच नाहीत. निवेदन आलं त्या दिवशीच शेरा मारून ठेवला होता. तुमचे आतोबा काय लिहितात ते इथे कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही."

मी धावत बाळकाकांकडे गेलो. वाटलं, ही एक तरी गोष्ट माझ्या तोंडून खरी निघतेय. ते सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दादाने लिहिलं नसतं तरी नसते मिळाले?"

"नसतेच."

अडकित्ता थांबला. कातरलेली सुपारी त्यांनी डबीत झटकली. मग म्हणाले, "हे गावात बोलू नको."

"का? उलट आतोबांवरचा आळ..."

"आता कुठे लोकांना कळलंय कुणामुळे गेलं ते. पुन्हा घोळ घालू नको. नाहीतर उद्या विचारतील, मग बाळशेट, तुम्ही आम्हाला सह्या करायला का लावल्या?"

तिथून मी गडगा ओलांडून आतोबांकडे गेलो. त्यांना तरी बरं वाटेल म्हणून सांगितलं. गावाच्या शिव्या त्यांनी तोवर शांतपणे पचवल्या होत्या. पण हे ऐकलं आणि त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे माझा आकडा कुणी बघितलाच नाही?" ते म्हणाले. "खरा नाही आणि खोटाही नाही?"

गोष्टी सांगणाऱ्या माणसाला वेळेला काही सुचत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव.

दोघा भावांचा गणपती एकच, बाळकाकांच्या ओटीवर. पूजेला थोरला लागतो म्हणून आतोबा पाळी बदलून, रजा काढून पोफळीहून यायचे, ते मी लहानपणापासून बघितलंय. त्या वर्षी चतुर्थीला ते सोवळं नेसून, दूर्वांची जुडी घेऊन गडग्याच्या पायऱ्या उतरून पलीकडे गेले. धाकटी भावजय दारात आली. "भावोजी, पूजा झाली केव्हाच," म्हणाली. आत बाळकाका पाटावर बसलेले दिसत होते, आणि भटजी अजून अक्षता शोधत होते. आतोबांनी दूर्वा पायरीवर ठेवल्या आणि परत आले. आत्याने विचारलं, "एवढ्यात?" ते म्हणाले, "लवकर उरकली त्यांनी." यंदा हवा कशी आहे वगैरे त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. आत्याने पुढे वर्षभर आमटीत चिंच घातली. आंबोशीचा डबा फळीवर तसाच राहिला.

गावातले फोन बंद झाले. मी विचारलं, "आता कुणासाठी चालवता हे?" तर म्हणाले, "हवामान कुणासाठी थांबतं काय?" खांब त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात हलवला, भोवती विटांची ओळ घातली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रोज सकाळी वर चढून खाली काही नाही ना ते बघू लागले. आत्याने मात्र पुन्हा गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. पापड अंगणात, मिरच्या अंगणात. कोंबड्या तुडवतात म्हणून स्वतःच तिथे राखण करत बसायची.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुढच्या मोहोराच्या दिवसांत. थंडी होती, कलमं मोहोराने पिवळट झालेली. मी सकाळी पोचलो तर बाळकाका गडग्यापाशी उभे, एका हातात फोन, खाली फवारणीचा पंप, औषध कालवून तयार. गडी खोळंबलेले. मला बघून त्यांनी बोटाने बोलावलं.

"त्यांचं ते पान आज उघडत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "यंत्र बंद आहे काय बघ जरा."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी त्यांच्या फोनकडे बघितलं. पांढऱ्या पडद्यावर आतोबांच्या नावाचा पत्ता होता आणि खाली एक चाक गरगरत होतं.

"तुम्ही बघता रोज?"

"विचारलं तेवढं कर," बाळकाका म्हणाले.

आतोबा वर गच्चीवरच होते. कानटोपी, अंगावर जुना तपकिरी स्वेटर, कठड्याला टेकून उभे. आमच्यात आणि त्यांच्यात एका माडाच्या सावलीचं अंतर. मी मान वर करून ओरडलो, "आतोबा, पान उघडत नाही!"

"वीज गेल्ये!" वरून उत्तर आलं. स्वच्छ, खणखणीत.

बाळकाका माझ्याकडे वळले. "काय म्हणतात?"

"वीज गेल्ये म्हणतात."

"विचार, वारा किती."

मी पुन्हा मान वर केली. मला विचारावं लागलंच नाही. आतोबांनी कानटोपी काढली, तोंड खाडीकडे केलं, मग बोगद्यातून बाहेर काढावा तसा उजवा हात कठड्याबाहेर लांब काढला आणि तळवा उघडा धरून उभे राहिले. जरा वेळाने, माझ्याकडे बघत, ते म्हणाले, "सांग त्याला, आत्ता पडलेला आहे. दवही सुकलंय."

"आत्ता पडलेला आहे," मी बाळकाकांना सांगितलं. "दवही सुकलंय."

त्यांनी मान हलवली आणि गड्याला खूण केली. पंप धडधडत सुरू झाला, नळ्या ताणत गडी बागेत शिरले, बाळकाकाही तोंडाला फडकं बांधत त्यांच्या मागे गेले. वर आतोबा हात तसाच बाहेर धरून अजून काहीतरी सांगत होते. दुसऱ्या हाताने खाडीकडे दाखवत होते. मी कानामागे हात धरला, दोन पावलं पुढे गेलो. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पंपाच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही.